इनेसबाईंची म्हैस

किसनतात्या घरी चहाला आले आणि ‘साखर किती घालू?’ असं तुम्ही विचारलंत, तर ते तोंडानं उत्तर देत नाहीत. खांद्यावरचं उपरणं तुमच्या हातावर टाकतात, त्याखाली तुमची दोन बोटं दाबतात आणि शांतपणे छताकडे बघत बसतात. दोन बोटं म्हणजे दोन चमचे. आपण मुकाट्यानं आत जाऊन घालायचे.

तात्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. तिथं गाईम्हशींचा भाव असाच उपरण्याखाली बोटांनी ठरायचा, शेजारच्याला कळू नये म्हणून. तात्यांनी ही रीत बाजारापुरती ठेवली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी भर मांडवात व्याह्यांचा हात उपरण्याखाली धरला. दोघं बराच वेळ माना डोलवत होते. काय ठरलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की, “मास्तर, तोंडाचं वाऱ्यावर जातं, बोटाचं ऱ्हातं,” एवढंच.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावात एक कलाप्रकल्प आला. परदेशी कलाकारानं महिनाभर गावात राहायचं, गावकऱ्यांना हाताशी घेऊन काहीतरी घडवायचं, त्यांनी आपलं बघायचं, आपण त्यांचं. आमच्या वाट्याला पोर्तुगालची इनेस आली. इंग्रजी येतं म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात. गावाला वाटलं, बाई शाळेच्या भिंतीवर मोर काढील. ती मात्र लोकांचे हात बघत हिंडायची. मग मी तिला तात्यांकडेच नेलं.

“उपरण्याखाली कसं बोलता ते दाखवा म्हणते,” मी म्हणालो.

तात्यांनी उपरणं टाकलं, बोटं दाबली. इनेसनं हसत तशीच दाबली. पुन्हा त्यांनी, पुन्हा तिनं. तात्यांनी उपरणं झटकलं.

“झालं. म्हैस तिची.”

“अहो, ती नुसतं शिकत होती.”

“मग मी काय खेळत हुतो? उभ्या जन्मात सौदा मोडला न्हाई, मास्तर. पैसं सवडीनं दिऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांची एकुलती एक म्हैस शाळेच्या दारात, इनेसच्या खोलीपुढे बांधलेली. इनेस आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. विमानात म्हैस घेत नाहीत एवढं तिलाही माहीत होतं. मी हातापाया पडलो, तात्या ढिम्म. उलट रोज येऊन ‘बाईंची म्हैस’ म्हणत धार काढायचे, दूध तिच्या हवाली करायचे आणि त्याच दुधाचा चहा पीत तिथंच बसायचे. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. उपरणं मात्र सारखं हातांवर.

त्यातूनच इनेसचं काम उभं राहिलं. मैदानात तिनं मोठा पांढरा कपडा टांगला आणि त्याला फटी ठेवल्या. अलीकडून एकानं हात घालायचा, पलीकडून दुसऱ्यानं, समोर कोण ते दिसत नाही. सगळं गाव लोटलं. सरपंचांनी ज्याचा हात प्रेमानं कुरवाळला तो त्यांनी निवडणुकीत पाडलेला माणूस निघाला. तात्या तर संध्याकाळपर्यंत फटीपासून हलले नाहीत.

इनेसच्या जायच्या दिवशी प्रश्न म्हशीचा. मार्ग एकच होता, तिनं ती तात्यांना रीतसर परत विकायची. दोघं ओट्यावर बसले, उपरणं पडलं. बाहेर जीप ताटकळली. सौदा काही संपेना. इनेसचे डोळे भरून आले तेव्हा माझं डोकं फिरलं.

“तात्या, पोरीला किती पिळाल?”

“भाव काढलाच न्हाई अजून,” तात्या हळू म्हणाले. “बाजारात आता समदे मोबाईलवर फोटू बघून जनावर घेत्यात. हात कोन देतं? तुमची काकू गेल्यापास्नं हिनंच दिला, मास्तर.”

एवढी वर्षं मी या माणसाची उपरण्यावरून चेष्टा करत आलो होतो. जीपवाल्यानं हॉर्न दिला. तात्यांनी आपणच हात सोडवून घेतला.

“तिला सांगा, सौदा जमला न्हाई. म्हैस तिचीच. मी सांभाळतो, पन न्यायला तिला यावं लागंल.”

मी जसंच्या तसं सांगितलं. इनेसनं तात्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, दोघांच्या हातांवर टाकलं आणि त्याखाली बोटं दाबली. तात्यांनी मान डोलावली.

काय ठरलं ते विचारलं की तात्या छताकडे बघतात. म्हैस मात्र अजून शाळेच्या दारातच बांधतात.