तोफेचं भाषण आणि मावशीची शेळी

वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून तिला शाळेत सगळे ‘तोफ’ म्हणत, आणि तोफेला ते मनापासून पटलंही होतं!

“मावशी, आज तू फक्त उभी राहा,” तिनं सकाळीच जाहीर केलं. “मी एक भाषण ठोकते, की शेळी कायमची तुझ्या दारात!”

“गप गं बाई,” उसवलेल्या बाहीला टाके घालत मावशी म्हणाली. “प्रमुखकाकांनी त्यांच्याकडून मिळणारं शिवणकाम बंद केलं तर खायचं काय? तुझं भाषण?”

त्याचं असं झालं होतं, की गरीब घरांसाठी सरकारकडून शेळ्या आल्या. त्या गावच्या प्रमुखकाकांच्या अंगणात उतरल्या आणि तिथंच नांदायला लागल्या! काका तसे वाईट नव्हते हो. “तुमच्याकडे ना गोठा, ना चारा. शेळ्या तुमच्याच, मी आपला नुसता सांभाळतोय,” असं ते इतक्या मायेनं सांगत, की ऐकणाऱ्यालाच आपण कृतघ्न असल्यासारखं वाटे. दूध तेवढं काकांच्या चहात जाई.

आज तपासणीला सरकारी कचेरीतल्या मोठ्या बाई येणार होत्या, म्हणून शेळ्या एका दिवसापुरत्या ज्याच्या त्याच्या हाती आल्या. “संध्याकाळी आठवणीनं आणून सोडा हं,” काका प्रेमानं म्हणाले.

चौकात सगळे शेळ्या धरून उभे राहिले. काकांच्या धाकानं मावशी दोराला हात लावेना, म्हणून तो तोफेनंच धरला.

“शेळी मिळाली ना? काही सांगायचंय?” तपासणीच्या बाईंनी विचारलं.

“नाही,” मावशी म्हणाली.

“हो!” तोफ गरजली. काकांच्या कपाळावर घाम फुटला. मावशीनं डोळेच मिटले.

सरांनी शिकवलं होतं, सुरुवात दमदार हवी. दोन्ही हात आभाळाकडे! तोफेनं दोन्ही हात आभाळाकडे फेकले.

“उपस्थित बंधू-भगिनींनो!”

आणि शेळी सुटली!

“अगं दोर! दोर!” मावशी ओरडली. शेळी शाळा सुटल्यासारखी पळाली. ते पाहून बाकीच्या शेळ्यांनीही हिसके दिले. पुढे शेळ्या, मागे मालक, त्यांच्या मागे तपासणीच्या बाई आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकणारे काका!

सगळी वरात थेट काकांच्या अंगणात शिरली. ओसरीवर काकू चारा घेऊनच उभ्या होत्या.

“आल्या गं माझ्या बाया! इतक्या लवकर सोडलं होय तुम्हाला?”

मागचे सगळे दिसले तशी काकूंच्या हातातली पेंढी खाली पडली.

“शेळ्यांना घर चांगलंच ठाऊक आहे,” बाई काकांना म्हणाल्या.

“मी आपला... सांभाळत होतो,” काका पुटपुटले. लहान मुलासारखे कसनुसे झाले बिचारे!

“आणि बोललं तर मावशीचं शिवणकाम बंद करतील!” तोफेनं सांगून टाकलं.

“आता ज्यांच्या आहेत तेच सांभाळतील. आणि पुढच्या वेळी मी न कळवता येईन. यांचं शिवणकाम बंद झालंय का, तेही बघेन.”

मावशीनं स्वतःच्या हातानं दोर धरला. काकांच्या समोरूनच ती शेळीला घराकडे घेऊन निघाली.

झालं! तोफेला वाटलं, आता गावभर आपल्या भाषणाचं कौतुक होणार. पण भाषण ऐकलं होतं कुणी? शिवाय शेळीला अजूनही संध्याकाळ झाली, की काकूंची आठवण येते. मग तिला ओढून आणायला रोज तोफच जाते, आणि वाटेत ते राहिलेलं भाषण पूर्ण करते.

हात मात्र खाली ठेवून!