दोन सूत जाड हवा

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते सोपानमामा वाळुंज यांचं. ते रोज सकाळी दिघीतल्या एका गच्चीवर चढून तिथल्या यंत्राला विचारायचे, "झोप झाली का, सायेब?"

यंत्र रात्रभर नाक खाली घालून बसलेलं असे. ऊन पडलं की मान वर करून दिवसभर सूर्याकडे बघत राही आणि मधल्या धुळीनं, धुरानं ऊन किती अडवलं ते मोजी. अशी यंत्रं ठिकठिकाणी आहेत. सगळ्यांचे आकडे एका केंद्रात जमतात, वर्षानुवर्षं जपले जातात आणि कुठलाही अभ्यासक ते वापरू शकतो. जिंतूरच्या शाळेत शिकून, घरातला पहिला पदवीधर होऊन मी दिघीच्या यंत्रावर सहायक म्हणून लागलो, तेव्हा मामांनी ही सगळी व्यवस्था मला एका दमात सांगितली. "सार्वजनिक नळ हाय ह्यो. पानी समद्यांचं, पन वायसर बदलायला एकच मानूस."

तो माणूस म्हणजे मामा. भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं एकाच लेथ मशीनवर काम करून ते इथे मदतनीस म्हणून आले होते. मापाची सवय सुटली नव्हती. दूरची पाण्याची टाकी कितपत दिसते ते बघून म्हणायचे, "आज हवा दोन सूत जाड हाय, राव." मी हसायचो. संध्याकाळी आकडे बघितले की हसू थांबायचं. यंत्राच्या नळीत कोळी जाळं विणायचा. मामा त्याला भाडेकरू म्हणत, बारीक ब्रशनं बाहेर काढत आणि कागदावर बसवून खाली जास्वंदीवर सोडून येत. "दुसरी खोली बघ, भावा."

पहिल्या वर्षी दसऱ्याला मी गावी गेलो. परत आलो तर केंद्राची ईमेल आलेली. खंडेनवमीला सकाळी दहानंतर दिघीवर धुळीचं वादळ होतं का? जवळच्या दुसऱ्या यंत्राला तर हवा स्वच्छ दिसते आहे.

"वादळ न्हाई," मामा म्हणाले. "झेंडू हाय."

खंडेनवमीला इथल्या कारखान्यांच्या पट्ट्यात मशीन तिथे पूजा. मामांनी यंत्राला हळदकुंकू लावून हार घातला होता. सूर्यामागे मान वळवता वळवता हार सरकला आणि एक फूल नळीसमोर लोंबत राहिलं.

खरं कळवलं तर मामांची गच्ची सुटणार, हे उघड होतं. मी म्हटलं, "कारण समजलं नाही, असं लिहितो."

"आन् ईस वर्सांनी कुनी पोरगी ह्ये आकडे वाचंल, तिला वाटंल दिघीत वादळ झालं व्हतं. रिजेक्ट जॉब, बिघडलेला नग, फुडं ढकलायचा न्हाई. लिव्ह, झेंडू."

"मामा, तुम्हाला काढतील."

"मंग काढतील. लिव्ह."

मी लिहिलं. पदवी आधीच मिळाली होती, शिकलो त्या दिवशी.

उत्तराची वाट बघताना न राहवून विचारलं, पूजा केलीत तरी कशाला? मामा यंत्राचा पाय फडक्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "कंपनी बंद पडली, माजं मशीन भंगारात गेलं. त्या दसऱ्याला हार आनला, पन घालू कुनाला? आमची मंडळी म्हनली, मिक्सरला घाला. घातला. फुडल्या साली तीबी न्हाई. आता मिक्सर तरी कोन लावतंय?"

दोन दिवसांनी केंद्रातल्या बाईंचं उत्तर आलं. तेवढ्या वेळेचे आकडे बाद केले होते. खाली एक ओळ होती. पुढच्या वर्षापासून खंडेनवमीला एक तास 'देखभाल' म्हणून आधी कळवा आणि यंत्र बंद ठेवून पूजा करा. मामांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

आता मी त्याच केंद्रात सगळीकडचे आकडे तपासतो. परवा मामांना हे पत्र पाठवलं.

"ती. सोपानमामांस, सा. न. वि. वि.

आकड्यांत खंड पडू नये म्हणून आम्ही इथे जिवाचं रान करतो. दिघीचा खंडेनवमीचा तास मात्र मी दरवर्षी मुद्दाम उघडून बघतो. तो रिकामा दिसला की कळतं, तुम्ही वर आहात.

यंदा तो तास भरलेला आहे. इथे सगळे म्हणाले, दिघीची नोंद अखंड, छान. मला जेवण गेलं नाही. दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही.

जिना चढवत नसेल तर तसं सांगा. मी शनिवारी येतोय. पिंपरीतून झेंडूचा हार घेऊन येतो, दसरा उलटला तरी चालेल. तुम्हाला धरून वर नेईन. आणि गच्चीपर्यंत नाहीच जमलं, तर मिक्सरला घालू. मिक्सर मी लावतो.

तुमचा,
गजानन"