पारसशेठ आणि पाच उमेदवारांची उगवण

आमचे पारसशेठ लेबल वाचल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाहीत. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आले, पेढा उचलला, नवरदेवाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या वडिलांना विचारलं, "माल तर चांगला दिसून राह्यला. तपासणी कुठं केली?" व्याही हसले, म्हणून लग्न झालं.

तसा त्यांचा दोष नाही. नवीन जालन्यात त्यांचं बियाण्याचं दुकान आहे, आणि बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर लेबल असतं. शुद्धता किती, उगवण किती, तपासणी कधीची, मुदत कधीपर्यंत. सगळा जन्म हेच वाचण्यात गेलेला माणूस जगाकडे दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघणार? बरं, कंपनीच्या लेबलावरही त्यांचा पुरता भरवसा नाही. स्वतः शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि आठ दिवसांनी उलगडून कोंब मोजतात.

शेजारी माझा छापखाना. मी लग्नपत्रिका छापतो, पावतीपुस्तकं छापतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात पडत नाही. भित्रा आहे म्हणा ना, मला राग येणार नाही. तर यंदा भर उन्हाळ्यात निवडणूक लागली. पारसशेठनी दुकानाच्या शटरला थर्मामीटर टांगलं होतं. दर तासाला ते बघायचे आणि तोंड पाडून आत जायचे. एका दुपारी ते पाडलेलं तोंड सरळ माझ्याकडे आलं.

"विनायकराव, जल्दीचं काम हाय. पाची उमेदवारांचं लेबल छापायचं."

म्हणजे काय, तर त्यांनी सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्न विचारायला घेतला होता. उन्हाळा दरसाली चढून राह्यला, पावसाचा नेम न्हाई. तुम्ही काय करणार, कुठं करणार, कोणत्या साली करणार? उत्तर वहीत उतरवायचं आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन तोच प्रश्न विचारायचा. उत्तर तेच आलं तर उगवलं.

"बियाण्यासाठीच ना हे सगळं?" मी म्हणालो. गोदामात ऊन वाढलं की बी मरतं, एवढं मलाही कळतं.

"बियाण्यासाठीच समजा," ते म्हणाले.

पहिल्या उमेदवारानं आधी एक लाख झाडं सांगितली, आठ दिवसांनी पाच लाख. पारसशेठनी लिहिलं, "उगवण शंभराच्या वर. असं बी आजवर पाहिलं नाही." दुसऱ्यानं दोन्ही वेळा प्रश्न बाजूला ठेवून अक्षर न् अक्षर तेच भाषण म्हणून दाखवलं. "शुद्धता पूर्ण. कोंब नाही." तिसऱ्या बाई होत्या. त्यांनी तलावातला गाळ, बाजारात सावली, आधी कुठं आणि मग कुठं, असं सांगितलं. दुसऱ्या वेळीही तेच सांगितलं, वर पैसे कमी पडतील हेही सांगितलं. चौथ्यानं दुकानाला एसी पाहिजे का, असं उलट विचारलं. तेही जसंच्या तसं लिहिलं गेलं.

"मग शेवटी मत कुणाला द्या म्हणून छापू?" मी विचारलं.

"बिलकुल न्हाई! लेबल माल सांगतं, घ्या म्हणत न्हाई."

पाचवे उमेदवार, सगळ्यांचे भाऊ, काही केल्या भेटेनात. पारसशेठ चार वेळा जाऊन आले होते. शेवटी त्यांच्या नावापुढे लिहिलं, "उगवण तपासलेली नाही." आणि प्रचार संपायच्या आदल्या दिवशी, कुणाला चूक दिसली तर सांगावी म्हणून, कच्ची प्रत स्वतःच्या शटरला चिकटवली.

दुसऱ्या गावात हे खपलं असतं. पण हे जालना, बियाण्याचं गाव. इथं उगवण तपासलेली नाही म्हणजे माल बोगस, हे सहावीतलं पोरही सांगेल. अर्ध्या तासात सहा मोटारसायकली आल्या. भाऊंची पोरं कच्ची प्रत फाडून थेट माझ्या छापखान्यात शिरली. त्यातल्या एकानं तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मुद्रक म्हणून तुमचंच नाव हाय ना, काका?"

कायद्यानं ते टाकावंच लागतं. पोरं गेल्यावर मी पारसशेठना हात जोडले. म्हटलं, भाऊंचं नावच काढून टाका, चार उमेदवारांचं छापू.

"चार पिशव्यांना लेबल आन् पाचवी उघडी? ह्यो तर भाऊंवर अन्याय झाला. पोरांचा राग बराबर हाय, तपासायला पायजेच होतं. उद्या पाचाच्या आत तपासतो."

दुसऱ्या दिवशी पाचला प्रचार बंद, म्हणजे पत्रक वाटणंही बंद. भर बाराला भाऊंची मिरवणूक आमच्या रस्त्याला आली आणि पारसशेठ वही घेऊन, डोक्याला टोपी नाही की रुमाल नाही, जीपच्या पुढ्यात उभे राहिले. मी माझं शटर अर्धं खाली ओढून बघत होतो. हॉर्न वाजत होते, पोरं अंगावर येत होती, म्हातारा घामानं निथळत होता. मला माझीच लाज वाटली. छत्री घेऊन गेलो आणि त्यांच्या डोक्यावर धरली.

भाऊ वाकून म्हणाले, "काय काम हाय, शेठ? लायसनचं?"

"काम न्हाई. सवाल हाय."

प्रश्न ऐकून भाऊंनी हातानंच हॉर्न थांबवायला सांगितले. मग म्हणाले, "खरं सांगू का, शेठ? ह्याचा इचारच केल्ता न्हाई."

पारसशेठनी ते उतरवलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. "बराबर हाय?" भाऊंनी मान डोलावली आणि पोरं बाजूला झाली.

पत्रकं तीनला छापून झाली. आम्ही दोघांनी भाजीबाजारात, स्टँडवर, बँकेच्या दारात वाटली. पाचला पाच कमी असताना पारसशेठ माझ्या खुर्चीत टेकले. हातात एक पत्रक आणि एक कोरं पाकीट होतं.

"माझा हात कापून राह्यला. एवढा पत्ता लिहून द्या."

पत्ता पुण्याचा होता. त्यांच्या सूनबाईंचा.

"अहो, त्यांचं मत तर पुण्यात आहे."

"मत कुठं मागून राह्यलो?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तीन उन्हाळे झाले, नातीला पाठवलं न्हाई. बाबूजी, तुमच्याकडं ऊन फार, पाण्याचं बी खरं न्हाई, म्हणते. बराबरच म्हणते ती. मी आई असतो तर मी बी न्हाई पाठवलं असतं. पण हितं कोणी काही करून राह्यलं का, हे कळू दे तिला. तिसऱ्या बाईंच्या खाली रेघ वढली म्या. ती फक्त तिच्यासाठी."

तीन वर्षं शेजारी बसून मी या माणसाला बियाण्याचं वेड आहे असंच सगळ्यांना सांगत आलो होतो. मी सावकाश, ठळक अक्षरात पत्ता लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला, पाकीट चिकटवलं आणि कुरियरवाल्याकडे जायला उठले. दारात थांबून वळले.

"नातीला उन्हाळ्याची सुट्टी शनिवारी लागती. तवर पोचंल ना, विनायकराव?"