तप्पूआप्पांचा घोडा

महालिंगआप्पांच्या हातून चहा सांडला, तर ते आधी धोतर झटकत नसत. आधी उजव्या हाताचं बोट वर जाई आणि समोर जो कोणी असेल त्याला प्रश्न येई, "तप्पु यारदू?"

हे कानडी. अर्थ, चूक कुणाची? मग चौकशी सुरू. चहा कुणी केला, कपाचा कान कुठल्या बाजूला होता, आप्पांना बोलण्यात कुणी गुंतवलं. तोवर चहा धोतरात मुरत राही. निकाल लागल्याशिवाय आप्पा जागचे हलत नसत. निकाल हमखास लागे, आणि तो एकदाही आप्पांच्या विरुद्ध गेला नाही.

त्या काळी निजामी होती. आमचं गाव परंड्याच्या बाजूला, अगदी सरहद्दीवर. गावाबाहेर ओढा, ओढ्यापलीकडे इंग्रजांचा मुलूख आणि बार्शीची वाट. अलीकडे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचं ठाणं. पलीकडून येणाऱ्या गाड्या, कापडाची गाठोडी, साखरेची पोती तिथं तपासली जायची. आप्पा त्या नाक्यावर मुन्शी. मूळचे उमरग्याकडचे. घरची भाषा कानडी, कचेरीत उर्दू, आमच्याशी मराठी. आणि तिन्ही भाषांतून दुसऱ्याची चूक काढण्याइतकी तयारी. कपाळावर विभूतीचे पट्टे, बंद गळ्याचा काळा कोट, बाराही महिने काखेत छत्री. बायको वारलेली, घरात एकटेच. गाव त्यांना पाठीमागं तप्पूआप्पा म्हणायचं. मी शाळेत मास्तर होतो. तोंडावर मी आप्पा म्हणायचो, मनात तप्पूआप्पाच.

एकदा त्यांना विंचू चावला. पाय सुजून भोपळ्यासारखा झालेला, मांत्रिक झाडू घेऊन बसलेला, आणि आप्पा विव्हळत विचारतायत, "ही भिंत कुणी बांधली?"

"आप्पा, भिंतीचं काय? चावला तो विंचू."

"इंचवाला काय अक्कल, मास्तर? फट कुणी ठिवली ते बोला!"

तो गवंडी मरून सहा वर्षं झाली होती. तरी गुन्हा त्याच्यावरच शाबीत झाला.

असा माणूस आमच्या फुटबॉलच्या टीमचा वस्ताद होता. आप्पांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. पण हैदराबादकडच्या एका साहेबानं बदलीवर जाताना नाक्याला एक फुटबॉल आणि एक शिट्टी ठेवली होती. दोन्ही वस्तू नाक्याच्या कपाटात असत आणि कपाटाची किल्ली आप्पांच्या कमरेला. एवढ्या पुंजीवर ते वस्ताद झाले. नाक्यावरचे पाच-सहा जवान, उसेनभाई शिंपी, गावातले चार तगडे गडी आणि गोलात मी, अशी आमची टीम. दिवाळीनंतर परंडा, भूम, बार्शी इकडच्या टीमांशी मॅची व्हायच्या त्या ऊन तापेपर्यंत. आम्ही निम्म्या हरायचो, निम्म्या जिंकायचो. बरं चाललं होतं.

त्या वर्षी नाक्यावर मारुती आला. ईटकडच्या धनगराचा, वीस-एकवीस वर्षांचा, उंच, काटक, तोंडात शब्द नाही. नोकरी कच्ची होती. आल्यानंतर आठवड्यातच तपासणीला थांबलेल्या गाडीचा एक खोंड दावं तोडून पळाला. मारुती काळ्या रानातून, ढेकळांतून त्याच्या मागं असा धावला की खोंडच दमून उभा राहिला. आप्पा हे नाक्याच्या ओट्यावरून पाहत होते. संध्याकाळी ते शाळेत आले. डोळे चमकत होते.

"मास्तर, आपल्याला घोडा घावला. ह्याला म्होरं ठिवायचा. मागनं उसेननं चेंडू फेकायचा, ह्यानं धरायचा, आन् गोल. बस्स."

हे त्यांनी आठ दिवस गावभर सांगितलं. न्हाव्याला सांगितलं, पुजाऱ्याला सांगितलं, नाक्यावर थांबलेल्या परक्या गाडीवानांनाही सांगितलं. मारुतीनं एकही चेंडू मारण्याआधी पंचक्रोशीत त्याचं नाव झालं.

पहिली मॅच परंड्याला. उसेनभाईनं लांब, उंच चेंडू टाकला. सुईत दोरा ओवावा तसा तो अचूक मारायचा. मारुती सुटला, परंड्याच्या दोघांना मागं टाकून बरोबर जागेवर पोचला आणि मान वर करून आभाळाकडे बघत उभा राहिला. चेंडू त्याच्या मागं दोन हातांवर पडला. दुसऱ्यांदा तो डोक्यावर आदळला. तिसऱ्यांदा चेंडू टप्पा खाऊन निघून गेल्यावर मारुतीनं उडी मारली. लोक पोट धरून हसत होते. तीन गोलांनी आम्ही हरलो.

परतीच्या गाडीत बोट वर झालं. "तप्पु यारदू? सूर्याची. पोराच्या डोळ्यावर ऊन व्हतं."

"आप्पा, सूर्य त्याच्या पाठीला होता," मी म्हणालो.

"मग सावली म्होरं पडली आसंल. त्येच म्हनतोय म्या."

दुसरी मॅच भूमशी. तोच प्रकार. या वेळी गुन्हेगार उसेनभाई. त्याच्या चेंडूला म्हणे शिंप्याच्या कात्रीसारखं वळण होतं. उसेनभाई गरीब माणूस, पण भडकला. "अप्पासाब, मैं बराबर उसके पाव पे डाला. अब क्या हात पकड के गोल तक लेके जाऊं?" त्यानंतर आप्पांच्या कोटाचं तुटलेलं बटण चार महिने बसलं नाही.

तिसऱ्या मॅचीला मी गुन्हेगार ठरलो. मी गोलातून ओरडतो, त्यानं घोडा बुजतो, असा निकाल आला. एव्हाना मला या दोघांचा वीट आला होता. मी सगळ्यांसमोर मारुतीला म्हणालो, "पाय हरणाचे दिलेत देवानं, डोकं मात्र दगडाचं."

"व्हय, मास्तर," तो म्हणाला. एवढंच. मग बाजूला जाऊन काडीनं पायाचा चिखल खरवडत बसला.

त्यानंतर तप्पूआप्पांना खरोखरच वेड लागलं, असं आमचं मत झालं. चौथ्या मॅचीच्या आधी त्यांनी फुटबॉलला चुना फासला. पांढराफटक. "चुन्यानं चामडं टिकतंय," म्हणे. आमचे कपडे, हात, तोंडं पांढरी. मग हुकूम सुटला, की उंच चेंडू कुणी मारायचा नाही. जमिनीवरून लोळवत द्यायचा, आणि देण्याआधी मारुतीच्या नावानं मोठ्यांदा हाक मारायची. पास कुणाला जाणार हे आम्ही बार्शीच्या टीमला ओरडून सांगत होतो! त्यांचे गडी आरामात मारुतीपुढं येऊन उभे राहत. पाच गोल खाल्ले, आणि ते सगळे मी खाल्ले. मैदानाबाहेर बार्शीची पोरं आमच्या चुनाळ तोंडांकडे बघून विचारत होती, "मॅच हाय का भिंत रंगवायची हाय?"

आम्ही सगळ्यांनी मिळून आप्पांना सांगितलं, मारुतीला काढा. आप्पा म्हणाले, "घोडा माझा हाय. तुमी गाढवं संभाळा."

शेवटची मॅच आमच्याच गावात, नाक्यामागच्या पडीक रानात झाली. समोर पुन्हा परंडा. त्या दिवशी करोडगिरीचे नवे अमीनसाहेब तपासणीला आले होते. त्यांना खेळाचा शौक. खुर्ची टाकून ते मैदानाच्या कडेला बसले. कच्च्या नोकरीतले कोणते जवान पक्के करायचे आणि कोणते घरी पाठवायचे, हे तेच ठरवणार होते. त्यामुळे जवान जीव तोडून खेळले. बरोबरी झाली. आता थोडाच वेळ उरला होता. उसेनभाईला राहवलं नाही. आप्पांचा हुकूम मोडून त्यानं जुन्या सवयीनं एक सुरेख उंच चेंडू पुढं टाकला. मारुती एकटा होता. समोर फक्त गोल. त्यानं वर पाहिलं, हात पसरले, चाचपडल्यासारखा दोन पावलं इकडं गेला, दोन तिकडं. चेंडू शेजारी पडला आणि घरंगळत निघून गेला. परंडावाल्यांनी तोच पुढं नेऊन आमच्यावर गोल केला.

अमीनसाहेब खुर्चीतून उठले. "मुन्शीजी, इस जवान को दिखता नहीं क्या? गेंद नहीं दिखती, तो नाके पे चोर क्या दिखेगा?"

लोक हसले. मीही हसलो. मारुतीचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता.

आप्पा छत्री टाकून पुढं आले. आता चूक कुणाच्या गळ्यात पडते याची आम्ही वाट पाहत होतो. उसेनभाईनं तर मान खालीच घातली.

"हुजूर," आप्पा म्हणाले, "गलती मेरी है. म्याच त्याला सांगितलं व्हतं, चेंडूला शिवायचं न्हाय. निस्तं पळायचं, त्यांच्या गड्यांना आपल्या मागं वढायचं. पोरगं हुकमाचं ताबेदार. समोर आलेला चेंडू सोडला, पर हुकूम मोडला न्हाय. चूक माझी."

चूक माझी! आप्पांच्या तोंडून हे शब्द गावात कुणी ऐकले नव्हते. अमीनसाहेबांनी आधी त्यांच्याकडे, मग मारुतीकडे पाहिलं. मग ते असे हसले की त्यांना ठसका लागला. "पूरे साल यही सिखाया आपने?"

"जी हुजूर. पूरे साल."

साहेबांनी तिथंच फैसला दिला. मुन्शीजींनी पुन्हा मैदानात पाऊल टाकायचं नाही. शिट्टी मास्तरांकडे द्यावी. जवानाचा कसूर नाही.

शिट्टी मी घेतली. आप्पांनी गळ्यातून काढून दिली तेव्हा दोरा त्यांच्या कानात अडकला, तो मी जरा हिसकूनच सोडवला. वर म्हणालो, "वर्षभर आम्हाला गाढवात काढलं ना आप्पा? आता खरं बाहेर पडलं." त्यांनी छत्री उचलली आणि ते घराकडे चालू लागले. वाटेत पोरं ओरडत होती, "तप्पू कुणाची? आप्पाची!" त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला त्या दिवशी रात्रीचं जेवण फार गोड लागलं.

मारुतीची नोकरी राहिली. टीममधून त्याला मी काढला.

पुढं पावसाळा सरत आल्यावर शाळेसाठी बार्शीहून खडूची पेटी आणायची होती. तिच्या परवान्यासाठी भरदुपारी मी नाक्यावर गेलो. रस्त्यावर गाडी नव्हती. आतल्या खोलीत चटईवर आप्पा बसले होते आणि त्यांच्यासमोर मारुती पालथा पडून पाटीवर काहीतरी लिहीत होता. नाक जवळजवळ पाटीला टेकलेलं. अक्षर मात्र मोत्यासारखं. मी दारात उभा होतो, दहा-बारा पावलांवर. मारुतीनं मान वर केली, डोळे बारीक केले आणि विचारलं, "कोन हाय?"

चार महिने त्याच्याबरोबर खेळलेला माणूस त्याला ओळखू येत नव्हता.

मी आत गेलो. "तुला लांबचं दिसत नाही का रे?"

त्यानं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी होकाराची मान हलवली. मग तो म्हणाला, "धा हातापल्याड समदं धुकाट हाय, मास्तर. ल्हानपनापासनं. मला वाटायचं, समद्यास्नी तसंच दिसत आसंल."

"आणि तो खोंड?" मी विचारलं.

"त्येच्या गळ्यातल्या घुंगराच्या आवाजावर पळलो जी."

"तिसऱ्या मॅचीच्या दुसऱ्या दिशी म्या ह्याला वढ्यापल्याडची गाडी दाखवली," आप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "इचारलं, बैल कंच्या रंगाचे? तर म्हनला, आप्पा, गाडी कुठाय?" त्यांनी दाराकडे नजर टाकली. "कुठं बोलू नका, मास्तर. जवानाला चष्मा चालत न्हाय. साहेबाला कळलं तर दुसऱ्या दिशी घरी. आन् घरी म्हातारी आय हाय त्याची. म्हनून लिव्हाय शिकवतोय. जवळचं ह्याला तुमच्यामाझ्यापरीस झ्याक दिसतंय. उद्या कारकून झाला, की घालू दे काय चष्मे घालायचे ते."

मारुती पाणी आणायला गेला. मी विचारलं, "पण आप्पा, एवढ्या लोकांत... तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

आप्पा बराच वेळ पाटी धोतरानं पुसत राहिले. ती कधीच कोरी झाली होती.

"माझा पोरगा, बसू," ते म्हणाले. "शाळंत फळ्यावरचं त्याला उतरून घेता येत नव्हतं. मास्तर म्हनायचे, आळशी हाय. म्या दोन वर्सं त्याला मारला. कधी पट्टीनं, कधी ह्या हातानं. चौदाव्या वर्सी घरातनं गेला. सोलापूर धुंडाळलं, गुलबर्गा धुंडाळलं. त्याची आय त्यातच गेली." पाटी त्यांनी खाली ठेवली. "ह्यो मारुती गाडी कुठाय म्हनला ना, तवा मला कळलं, बसूला काय झालं व्हतं."

परवाना घ्यायचा विसरूनच मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर मी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि शेवटच्या रांगेतल्या मुलांना एकेक करून वाचायला उभं केलं. मग ज्यांना जागेवरून वाचता येईना त्यांना एकेक पाऊल पुढं आणलं. त्यातल्या एकाला मी वर्षभर ठोंब्या म्हणत होतो. तो फळ्यापासून चार हातांवर आला आणि सबंध ओळ घडाघडा म्हणाला.

संध्याकाळी मी पुन्हा नाक्यावर गेलो. आप्पा चटईवर एकटेच होते.

"आप्पा, माझ्या वर्गात लांबचं न दिसणारे दोघं निघाले," मी म्हणालो.

"दोघं?" त्यांनी वर पाहिलं. "मारलं व्हतं का त्यांना?"

मी होकारार्थी मान हलवली.

थोडं सरकून आप्पांनी चटईवर मला जागा केली.

"बसा," म्हणाले.