रांग संपली नाय

खर्डीच्या आमच्या आळीत विलास हा एकच माणूस असा आहे, की चहा हवा असला तरी तो चहा मागत नाही. कॉम्प्युटरवरची नजर न काढता आत ओरडतो, "सुनंदा, च-स्टार दे गो!"

सुनंदा त्याची बायको. सोशिक आहे, पण तिच्याही सोशिकपणाला हद्द आहे. परवा तिने त्याच्यापुढे चहा, चावी, चाळण आणि चादर ओळीने मांडली नि म्हणाली, "घ्या, च-स्टार." रागावायचं सोडून हा गडी खूश! "बरोबर हाय तुझं. माझाच नमुना ढिला पडला."

विलास एका कंपनीसाठी शेल स्क्रिप्ट लिहितो. काळ्या पडद्यावर टाइप करून कॉम्प्युटरला सोडलेले हुकूम, एवढं मला समजलंय. मी पिठाची गिरणी चालवतो, मला ह्याहून जास्त नको आहे. पण तो ऐकतो थोडाच! दळण टाकायला आला की सुरू होतो. "अ‍ॅरे म्हंजे नावांची रांग. मुरबाड, धसई, डोळखांब, खर्डी. मी बोललो ड-स्टार, म्हंजे ड नि पुढे कायपण. मग रांगेतल्या एकेकाला इचारायचं, तू जुळतोस का रे? एक जुळला म्हणून थांबायचं नाय. रांग संपेपर्यंत इचारायचं."

धसईला त्याच्या मेहुण्याच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक गाडी आडवी लागली होती. कुणीतरी माइक विलासच्या हातात दिला. तो शांतपणे म्हणाला, "एमएच झिरो फाइव्ह स्टार, गाडी काढा." आमच्याकडच्या निम्म्या गाड्यांचा नंबर तसाच सुरू होतो. अर्धा मांडव किल्ल्या चाचपत बाहेर पळाला. नवरदेवाचा मामा एका मुठीत अक्षता धरून गाडी मागे घेत होता. मंगलाष्टकं खोळंबली.

दिवाळीनंतर विलासच्या आईच्या अंगावरून वारं गेलं. एक हात लुळा पडला आणि बोलणंही गेलं. शब्दाचं पहिलं अक्षर ओठावर येतं, पुढचं अडतं. विलासने ठाण्याच्या हापिसात जाणं बंद केलं आणि काम घरी आणलं. आई काही मागतेय आणि कुणालाच कळत नाही, हे एवढंच त्याला सहन होत नाही.

मागच्या आठवड्यात मी त्यांचं पीठ पोचवायला गेलो. आई पडवीत खाटेवर होती आणि विलास तिच्यासमोर उकिडवा बसला होता.

"भा..." आई म्हणाली.

"भात?"

तिने मान हलवली. नाही.

"भाकर? भाजी? भाऊमामाला बोलवू? भारतीला फोन लावू, मुरबाडला?"

नाही, नाही, नाही. आत त्याच्या हापिसाचा फोन वाजून वाजून बंद पडला. मी उभ्याउभ्या कंटाळलो. म्हटलं, "अरे, भाकरच हवी असल. आण नि भरव."

"थांब रे. रांग संपली नाय."

भांडं झालं, भारा झाला, भादव्यातला गणपतीही येऊन गेला. विलासच्या कपाळावरून घाम निथळत होता. शेवटी तो खांबाला टेकला. तेव्हा आईने चांगल्या हाताने पदर ओढला, पुढे वाकून त्याचं कपाळ पुसलं आणि पुन्हा म्हणाली, "भा..."

विलास खांब सोडून पुढे सरकला.

"भागलास? भागलास का, असं इचारतेस?"

आई हसली. आजारपणानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"मी रांगेत नुसत्या वस्तू नि माणसं घातली रे," विलास मला म्हणाला. "हे घातलंच नव्हतं." मग त्याने आईचा हात हातात घेतला. "नाय गो आये, नाय भागलो."

आईने मान हलवली. मघाशी भाताला हलवली होती, तशीच.