खडकमाळच्या एका मताची कैफियत

कोणी आज्ञा केली नाही, कोणी बिदागी देऊ केली नाही, तरी जे घडले ते लोपू नये म्हणून ही कैफियत मांडली असे. वाचणाराने दोष आपल्या पदरी घ्यावे, गुण आढळल्यास लिहिणाराकडे पाठवावे. देवांस नमस्कार, आणि ज्यांस देव मान्य नाहीत त्यांसही नमस्कार, कारण पुढे तेही येणार आहेत.

मौजे खडकमाळ, परगणे वेल्हे, गुंजवणीकाठचा गाव. भातखाचरे उत्तम, रस्ता मध्यम, राजकारण फार. या गावी गेनबा नावाची एक बुजुर्ग असामी होती. त्याने हयातभर एकच अमल मानिला, तो लाल बावट्याचा, निशाणी खुरपे. आणि या बावट्याचे खासे सरदार कॉम्रेड चिमाजी हे विरोधी पक्षात ऐसे मुरलेले की ज्यांचे राज्य असेल त्यांचे ते विरोधी, ज्यांचे गेले असेल त्यांचेही विरोधी, आणि प्रसंग पडलाच तर आपल्याच पक्षाचेही विरोधी. दर निवडणुकीस ते उभे राहत, आणि दर निवडणुकीस पडत, आणि मग धोतर झटकून पुन्हा मोर्चा काढीत. खडकमाळच्या यंत्रातून त्यांस दरवेळी एक मत निघे. ते गेनबाचे, हे सारा गाव जाणत होता. गेनबाच्या घरात मते तीन, हेही सारा गाव जाणत होता. पण वजाबाकी मोठ्याने कोणी केली नाही.

चिमाजींचा पराक्रम नव्हता ऐसे नाही. गावची एसटी बंद जाहली असता हेच चिमाजी कापूरहोळच्या फाट्यावर भर उन्हात डांबरावर बसले, आणि पोलिसांनी उचलिले, आणि सोडिले, आणि मग पुन्हा तेथेच बसले, आणि एसटी सुरू करवूनच उठले. गेनबा त्यांच्या शेजारी बसून भाजला होता. मग गाव त्या एसटीत बसून सुखाने दुसऱ्यांच्या सभांस जाऊ लागला.

ऐसा हा गेनबा भाताची मळणी आटोपून, अंगण सारवून झाल्यावर, कोणास तसदी न देता वारला. पश्चात कुटुंब ठकुबाई आणि पुत्र संजय. हा संजय सत्ताधारी गोटाचे गावातील मुख्य नाना, पूर्वीचे सरपंच, यांचा उजवा हात. बापाचा बावटा लाल, लेकाच्या गळ्यात नानांचा पंचा, आणि दोघे एकाच तव्यावरची भाकरी खात. भांडण कधी ऐकू आले नाही, याचे गावास वाईटही वाटे.

दहाव्याचा दिवस उगवला. नदीकाठी मांडव पडला. भोराहून, नसरापुराहून पांढऱ्या गाड्यांची दळे उतरली, आणि नाना पुढे जाऊन एकेका सरदारास खुर्चीवर बसविते जाहले. पप्पू साऊंडवाल्याने कर्णे झाडास बांधोन तोफखाना सिद्ध केला. या मुलखात राजकारणाची खरी सदर म्हणजे दहाव्याचा घाट होय. लग्नास न गेलेला पुढारी चालतो, दहाव्यास न गेलेला पडतो. मग श्रद्धांजलीची सरबत्ती सुरू जाहली, आणि प्रत्येक वक्त्याने गेनबाचे नाव आरंभी एकदा आणि शेवटी एकदा घेऊन मधला सारा वेळ स्वतःकडे ठेविला. कॉम्रेड चिमाजी मागाहून वडापच्या जीपमधून दाटीवाटीने उतरले, आणि खुर्ची उरली नाही सबब धोंड्यावर बसले.

इकडे संजयाने मुंडण करून पिंड मांडिले, गुरुजींनी विधी केला, आणि मंडळी दूर सरोन उंबराकडे पाहू लागली. उंबरावर काकराज आपल्या परिवारासह विराजमान होते. त्यांनी खाली पाहिले, मान तिरपी केली, आणि स्वारी हलविली नाही. कावळा शिवेना तर मयताची इच्छा राहिली, आणि ज्याने त्याने ती पुरविण्याचे वचन द्यावे, ऐसा दस्तूर. अगदीच नाइलाज जाहला तर गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववितात. पण ते म्हणजे किल्ला न घेता किल्ल्याचे चित्र घेण्यापैकी, आणि ठकुबाईने बजाविले होते की दर्भाचा कावळा आपल्या दारच्या माणसास शिवणार नाही. बाईचा जीव कासावीस होता. ती पिंडाकडे पाहत नव्हती, जमिनीकडे पाहत होती.

प्रथम हल्ला नानांनी केला. कर्ण्यावरून फर्मान सोडिले की, गेनबाने चिंता करू नये, संजयास सोसायटीचे चेअरमन करणे आमच्याकडे लागले. काकराजांनी पंख झाडिले. मग संजय हात जोडोन वदला की आईस अंतर देणार नाही, खाचर विकणार नाही, बैलांस बाजार दाखविणार नाही. उंबर स्तब्ध. मग एकेका सरदाराने रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवा ऐशी वचने फेकिली, आणि दिवा म्हणताच एक कावळा उडोन पलीकडल्या काठास गेला.

तेव्हा गेनबाचा सोबती कोंडिबा उठला आणि जे सर्वांच्या मनी होते ते बोलला.

"उगी दिवं लावू नगा. गेनबाची विच्छा येकच व्हती. चिमाजी येकदा निवडून यावा."

आता पेच ऐसा की कोणीतरी वचन द्यावे, चिमाजी येतील. जिवंत मतदारास काहीही सांगता येते, मेलेल्या मतदाराशी खोटे बोलण्यास या मुलखात अजून भितात. सबब चिमाजी खरेच येऊ शकतात की नाही, याची मसलत तेथेच, पिंडांच्या साक्षीने, उपाशीपोटी सुरू जाहली.

कोंडिबाने पक्ष मांडिला की माणूस निर्मळ. नानांनी तो तात्काळ मान्य केला.

"निर्मळ हाय म्हणूनच पडतो, कोंडिबा. त्येच्या मागं गेल्यावर जेवाय कोण घालंल? पोरास्नी कामाला कोण लावंल?"

"आवं, पर एसटी त्यानंच आणली न्हवं?" मागे बायकांत बसलेल्या धोंडाबाई म्हणाल्या.

"आणली ना. पर ती आता आलीच हाय की. आता मत दिऊन काय दुसरी एसटी यील?"

हा मुद्दा बिनतोड ठरला. नसरापूरचे एक सरदार म्हणाले की असा माणूस विधानसभेत हवाच, मात्र दुसऱ्या मतदारसंघातून. कोंडिबाही शेवटी नमला.

"माणूस सोन्यासारका. पर सोनं कुणी रोज वापरतं व्हय? सणाला काडायचं न् पुन्ना ठिवून द्यायचं."

येणेप्रमाणे सर्वानुमते ठरले की चिमाजींइतका लायक इसम परगण्यात दुसरा नाही, आणि सबब त्यास मत देणे म्हणजे मत वाया घालविणे. चिमाजी धोंड्यावर बसोन हे सारे ऐकत होते. स्वतःच्या तोंडावर स्वतःचा पराभव इतक्या प्रेमाने सिद्ध होताना पाहण्याचा त्यांचा हा पहिला प्रसंग नव्हे.

अखेर तोड निघाली की वचन खुद्द चिमाजींनीच द्यावे. "मी निवडून येईन" एवढेच म्हणावे, कावळा शिवेल, मंडळी जेवतील. पप्पूने माईक त्यांच्या हाती दिला, आणि येथे घात जाहला. या सरदाराने उभ्या आयुष्यात लबाडी केली नाही आणि माईक हाती आल्यावर आटोपते घेतले नाही. त्यांनी फर्माविले की वस्तुनिष्ठ परिस्थिती अद्याप परिपक्व नाही, ऐशा समयी विजयाचे वचन देणे ही कष्टकरी जनतेची फसवणूक होय, आणि गेनबाची फसवणूक मी हयातीत केली नाही ती आता करणार नाही. येथवर बोलून थांबते तर पाटावर बसवोन पूजा करावी ऐसे बोलणे जाहले होते. परंतु मग ते कावळ्याकडे वळले. म्हणाले की कावळा हा पक्षी आहे, त्यास भूक आहे, पण त्यास या कर्कश कर्ण्याची भीती वाटते, सबब तो येत नाही. आणि हे त्यांनी त्याच कर्ण्यावरून, शास्त्राधार देत, साम्राज्यवादापासून आरंभ करून ऐसे विस्ताराने समजाविले की उंबरावरील उरलीसुरली फौजही एकेक करून नदीपार गेली. एक म्हातारा काकराज मात्र शेंड्यावर चिकटोन राहिला. ऊन डोक्यावर आले. गुरुजींनी दर्भ हाती घेतला.

तो दर्भ ठकुबाईने पाहिला आणि ती उठली. सरळ पप्पूच्या यंत्राशी गेली आणि हातास आली ती वायर उपटिली. कर्णे मुके जाहले. गुंजवणीचे पाणी वाहते हे मंडळींस त्या दिवशी प्रथमच ऐकू आले.

"कॉम्रेड, बसा तुमी. लई बोललासा."

चिमाजी बसले. मग बाई पिंडासमोर जाऊन उकिडवी बसली, आणि पदर सावरोन, घरात बोलावे तैशा आवाजात बोलू लागली.

"आवं, आयका. दर विलेक्शनला येकच मत पडायचं. तुमचं. म्या माज्या भावाच्या सांगण्यानं नानांच्या पक्षाकडं दाबायची. तुमाला ठावं व्हतं. निकालाच्या दिशी घरी यायचा, हातपाय धुवायचा, न् 'भाकर वाढ' म्हनायचा. येक शबुद बोलला न्हाईत. बोलला असता तर भांडले असते म्या. बोललाच न्हाईत, ते लई लागलं."

संजयाने मान खाली घातली ती वर केली नाही. चिमाजींनी चष्मा काढिला आणि धोतराच्या सोग्याने उगाच पुसला. बाई पुढे म्हणाली.

"आता तुमचं मत म्या देनार. येकाचा शून्य व्हऊ देनार न्हाई. कॉम्रेड निवडून येत्यात का पडत्यात, ते त्यांचं त्यांनी बगावं. त्ये काय म्या तुमाला सांगत न्हाई."

बाई उठोन मागे सरली. आणि शेंड्यावरचा तो म्हातारा काकराज खाली उतरला, दोन उड्या मारून पुढे आला, आणि पिंडास चोच लाविली. मंडळींत एकच गलबला जाहला. नाना म्हणाले आत्मा शांत जाहला. चिमाजी म्हणाले आवाज बंद जाहला, सबब पक्षी आला. दोहोंत तह जाहला नाही. ठकुबाई मात्र कोणाचेच ऐकत नव्हती, ती रडत होती, आणि हे रडणे दहा दिवसांत पहिलेच.

मग काही काळाने विधानसभेची लढाई उभी राहिली. चिमाजी परिस्थिती परिपक्व नसताही उभे राहिले, आणि रिवाजाप्रमाणे पडले, अनामत रक्कम सरकारजमा जाहली. परंतु खडकमाळच्या यंत्राची मोजणी होता खुरप्याच्या निशाणीपुढे आकडा निघाला तो दोन. मोजणीच्या मांडवातून फोन आला आणि गाव हादरला. एक मत बाईचे, ते तिने चारचौघांत सांगोन दिले. दुसरे कोणाचे? चिमाजींनी तात्काळ पत्रक काढिले की खडकमाळ येथे पक्षाच्या मतांत शंभर टक्के वाढ जाहली असे, आणि हा इतिहासाचा कल आहे.

नानांस जेवण गोड लागेना. एक मत म्हणजे वेडेपणा, तो चालतो. दोन मते म्हणजे फितुरी. कोंडिबास विचारिले, त्याने म्हसोबाची आण घेतली. धोंडाबाईंस विचारिले, त्यांनी विचारणाराचा उद्धार केला. शेवटी नानांनी तपासाचे काम आपल्या सर्वांत इतबारी माणसाकडे सोपविले, म्हणजे संजयाकडे, आणि हुकूम केला की फितूर हुडकोन हजर करणे. संजयाने दिवसभर गावात फिरोन घरोघरी विचारणा केली, आणि दिवे लागणीस अर्ज केला की तपास कसून जाहला, नाव निष्पन्न होत नाही.

मग तो घरी आला. ओटीवर लोकांनी दिलेले चहा पिऊन पोट डबडबले होते. त्याने हातपाय धुतले, पाटावर बसला, आणि म्हणाला, "भाकर वाढ."

ठकुबाई तव्यापाशी थबकली. तिने लेकाकडे पाहिले. तो भिंतीकडे पाहत होता. मग तिने भाकरी वाढिली, वर लोण्याचा गोळा ठेविला, आणि काही विचारिले नाही.

येणेप्रमाणे खडकमाळची एका मताची चौकी गनिमाने चहूकडून वेढिली असता राखिली गेली, आणि तिच्या शेजारी दुसरी उभी राहिली. फत्ते जाहली ऐसे लिहोन ठेवितो. दुसरी चौकी कोणी वसविली याचा शोध नानांकडे अद्याप चालू असे, आणि तपास अद्याप संजयाकडेच असे.