आधी बूड दाखवा

पिझ्झा टेबलावर आला की माणसं काय करतात? वास घेतात, फोटो काढतात, हात मारतात. आमचे रंगनाथतात्या यातलं काहीच करत नाहीत. ते खिशातून चष्मा काढतात, एक तुकडा दोन बोटांनी उचलतात आणि मान वाकडी करून त्याच्या खाली बघतात. वर चीज आहे की मिरची, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. "वरनं काय, कुनीबी नटतं," ते म्हणतात. "आधी बूड दाखवा."

बूड बघून झालं की दुसरी परीक्षा. तुकडा कडेला धरून हवेत आडवा ठेवायचा. टोक खाली झुकलं की "मान टाकली" असा शेरा मिळतो. नाही झुकलं तर नखाने खालून टिचकी, आणि टकटक वाजलं तरच पहिला घास. निकाल लागतो टोमॅटोच्या भाषेत. एक नंबर, दोन नंबर, आणि तिसरा प्रकार म्हणजे "मेंढरांपुढं टाका". त्यांच्याबरोबर मी आजवर पंधरा-वीस ठिकाणी जेवलो असेन. बहुतेक पिझ्झे मेंढरांच्या वाट्याचे निघाले आणि ते सगळे मी खाल्ले. मला जाड, लुसलुशीत पिझ्झाच आवडतो, पण हे तात्यांसमोर बोलायची सोय नाही.

तात्या पिंपळवंडीचे, माझे शेजारी. टोमॅटो लावतात, थोडी द्राक्षं आहेत. मी नारायणगावच्या शाळेत शिकवतो, म्हणून त्यांच्या लेखी मी 'मास्तर'. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, पायात जाड वहाणा अशा थाटात ते पिझ्झ्याच्या दुकानाचं काचेचं दार ढकलून आत शिरले की काउंटरवरच्यांना वाटतं, म्हातारबाबा पत्ता विचारायला आले. पुण्यात एकदा तिथल्या मुलीने फार प्रेमाने चीज बर्स्ट घ्यायचा आग्रह केला. बर्स्ट म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. तात्या म्हणाले, "फुटका माल आमी घेत न्हाई, ताई. वाटेत सांडतो."

हे वेड लागलं कसं, तेही सांगतो. सहा वर्षांपूर्वी तात्यांची बायको, आमच्या काकू, गेल्या. एकुलती एक लेक मंजू तेव्हा बारावीत होती, माझीच विद्यार्थिनी. काकूंची बाजरीची भाकरी आळीत प्रसिद्ध होती. तिचा पापुद्रा अलगद सुटायचा. त्यांच्यामागं तात्यांनी भाकरी थापायला घेतली. तिच्यावर उभं राहून झाडाचे आंबे उतरवता आले असते. बापलेकीने महिनाभर ती मुकाट खाल्ली. मग एका रविवारी मंजूने त्यांना मोटरसायकलवर मागे बसवलं आणि नारायणगावला हायवेवरच्या नव्या हॉटेलात नेलं. पिझ्झा आला. तात्यांनी सवयीने भाकरीसारखा एक तुकडा उचलून खालून पाहिला आणि ते थबकले. "मंजे, हे बघ. तुज्या आईच्या भाकरीला असं ठिपकं पडायचं."

त्या संध्याकाळी दोघं तासभर बोलत बसले, पिठाबद्दल, आचेबद्दल, पापुद्र्याबद्दल. काकू गेल्यापासून त्या घरात 'जेवलीस का' आणि 'झोपा आता' याच्या पलीकडे शब्द निघाला नव्हता. पुढे दर रविवारी ही फेरी सुरू झाली. दुःखाबद्दल दोघांपैकी कुणी कधी काही बोललं नाही. बुडाबद्दल मात्र बोलायचे, आणि मला वाटतं त्यावरच ते घर उभं राहिलं.

परक्या गावात चांगला पिझ्झा हुडकायची तात्यांची एक रीत आहे. लोक फोनवर हॉटेलांना देतात त्या चांदण्यांवर त्यांचा विश्वास नाही. ते सकाळी सकाळी तिथल्या भाजीबाजारात जातात. लांब जाणारा टोमॅटो अर्धा कच्चा तोडतात, पूर्ण लाल माल प्रवासात टिकत नाही. तो जवळच्या जवळ खपवावा लागतो. "जो मानूस असा लालभडक माल एकेक निवडून घेतो," तात्या सांगतात, "त्याच्याकडं रस्सा खरा असतो. आन् ज्याचा रस्सा खरा, त्याचं बूड खोटं नसतं."

रीत चांगली आहे, पण नाशिकला तिने दगा दिला. लाल मालाचे पाच क्रेट नेणाऱ्या एका टेम्पोमागे आम्ही रिक्षा लावली आणि थेट मंगल कार्यालयात पोचलो. माल नेणारा तो माणूस लग्नाचा आचारी होता. नवरीच्या मामांनी आम्हाला नवऱ्याकडची मोठी माणसं समजून टॉवेल-टोपी दिली आणि पहिल्या पंगतीला बसवलं. तात्यांनी शांतपणे जेवून वधूवरांना आशीर्वाद दिला. बाहेर आल्यावर म्हणाले, "जिलबी एक नंबर व्हती. पर आपलं काम न्हाई झालं."

मग मंजू बँकेची परीक्षा पास झाली. दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केला होता पोरीने. पहिलीच नेमणूक झाली रायपूरला. तात्यांनी गावभर पेढे वाटले, स्टेशनवर हसत निरोप दिला, आणि घरी आल्यावर दोन दिवस ओट्यावर बसून राहिले. दोन महिन्यांनी तिचा फोन आला. "तात्या, मला इथं करमत नाही. राजीनामा देऊ का?"

तात्या फोन हातात घेऊनच माझ्याकडे आले. चेहरा गंभीर ठेवायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, पण आनंद काही लपत नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिची खोली रंगवायला घेतली. मी म्हटलं, "तात्या, जरा दमानं. एवढी चांगली नोकरी आहे."

"मी कुठं जुलूम करतोय? नियमात बसंल तेच करू," ते म्हणाले. नियम त्यांनी तिथंच, माझ्या अंगणात केला. "ज्या गावात पातळ पिझ्झा न्हाई, त्या गावात माजी लेक ऱ्हानार न्हाई. आपन जाऊ, दोन दिस हुडकू. घावला तर ऱ्हाईल. न्हाई घावला तर तिची बॅग भरू."

मंजूला फोनवर हा नियम सांगितला तेव्हा ती हसली. म्हणाली, "चालेल. पण निकाल तुम्हीच द्यायचा, तात्या. तुम्ही म्हणाल तसं."

तात्यांना खात्री होती. "त्या मुलखात लोक भात खात्यात, मास्तर. भातवाल्याला पापुद्रा कुठनं जमायचा?" हिंदी बोलायला म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. दिवाळीची सुट्टी होती, मीही निघालो.

रायपूरला मंजू स्टेशनवर आली होती. जरा वाळली होती. पहिल्या दिवशी तिने तीन ठिकाणं दाखवली. पहिल्याचं बूड पावासारखं होतं. दुसऱ्याने मान टाकली. तिसरा गार होता. एकेक पिझ्झा नापास होत गेला तशी तात्यांची कळी खुलत गेली. तिसऱ्या दुकानातून बाहेर पडताना तर ते चक्क शीळ घालत होते.

परत येताना एका भाजीवालीने लांबून हाक मारली, "मॅडमजी!" आणि मंजूच्या हातात दोन लिंबं कोंबली. मंजूने तिची, तिच्या सुनेची, गुडघ्याची चौकशी केली. छान हिंदीत, मोठ्यानं हसत. तिथं ती मला आमची वर्गातली मंजू वाटली.

"कोन गं ती?" तात्यांनी विचारलं.

"तिची पेन्शन अडकली होती वर्षभर. मी सोडवून दिली."

तात्यांची शीळ थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा ते अंथरुणात नव्हते. आठाच्या सुमाराला आले आणि माझ्या कॉटवर टेकले. "मास्तर, घात झाला."

"काय झालं?"

"बाजारात गेलो व्हतो. नुसता भाव बघायला, दुसरं काय न्हाई. तर तिथं एक बाई. लाल माल निवडत व्हती. एकेक टोमॅटो उलटा करून बघत व्हती राव! माज्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. इचारलं, बाई, इतना लाल माल काय को लगता? तर म्हनली, पिझ्झा बनाती हूँ, भैया." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी इचारलंच कशाला?"

आमची गाडी संध्याकाळची होती. ही बाई मंजूला माहीत नव्हती, फक्त आम्हा दोघांना होती. मी गप्प राहिलो. खरं सांगायचं तर मलाही मंजू गावात हवी होती. शेजारचं घर फार शांत झालं होतं. अकरा वाजले. मंजू बॅग काढू की नको अशी कपाटासमोर उभी होती. तात्यांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं, दोनदा खिडकीकडे.

"येक जागा ऱ्हायलीय," शेवटी ते म्हणाले. "चप्पल घाल."

बाजारातल्या बाईने सांगितलेल्या पत्त्यावर, शिंप्याच्या दुकानाला लागून दोन टेबलांची जागा होती. मागच्या अंगणात मातीची भट्टी, आणि तिच्यासमोर ती सकाळची बाई, पदर खोचून. तात्यांना ओळखून हसली. मी माझ्या हिंदीत आमची अट सांगितली: आधी बूड. तिला राग आला नाही. उलट म्हणाली, बघाच.

पिझ्झा आला. तात्यांनी चष्मा लावला. तुकडा उचलून खाली पाहिलं आणि बघतच राहिले. मीही वाकून पाहिलं. करपट-सोनेरी ठिपके, सगळीकडे सारखे. मग त्यांनी तुकडा हवेत आडवा धरला. मी त्यांच्या मनगटाकडे बघत होतो. मनगट जरासं कललं असतं, तर टोक झुकलं असतं. कुणाला कळलंही नसतं. मंजू श्वास रोखून बसली होती, आणि तिला काय हवंय हे तिचं तिलाही ठाऊक नसावं. तात्यांचा हात सरळ राहिला. टोक झुकलं नाही. त्यांनी टिचकी मारली. खणखणीत वाजलं.

"येक नंबर," तात्या म्हणाले. आवाज बसला होता. "असा आजपातुर खाल्ला न्हाई."

मंजूने एक तुकडा खाल्ला, मग दुसरा. डोळे पुसले, त्याचा दोष मिरचीला दिला. मग भट्टीकडे वळून तिने विचारलं, "आप रोज खोलती हैं?"

"सोमवार छोड़ के रोज, बेटा."

मंजूने मान डोलावली. बॅगेचा विषय त्यानंतर निघाला नाही. स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी ती तात्यांना म्हणाली, "नापास केला असतात तर मी आले असते हो."

"माल चांगला असला की चांगला म्हनायचा," तात्या म्हणाले. "लबाडी केली तर बाजारात तोंड कसं दावायचं?" आणि पाण्याची बाटली आणायला म्हणून ते घाईघाईने पलीकडे गेले. बाटली त्यांच्या पिशवीत होती.

गावी आल्यावर तात्या पूर्ववत झाले असं मला वाटलं. औषध मारणं, तोडणी, बाजार. मंजूचे फोन आता हसरे येतात, त्या बाईने हिला पीठ मळायला शिकवलंय म्हणे. मी निर्धास्त होतो. मग हायवेवरचा हॉटेलवाला एकदा बाजारात भेटला आणि म्हणाला, "सर, तुमचे तात्या आता एकटेच येतात. दोन ताटल्या मागवतात, आणि अर्धा पिझ्झा कागदात बांधून घरी नेतात."

पुढच्या रविवारी तात्या माझ्या दारात उभे होते. धुतलेली टोपी, खिशात चष्मा. आत या म्हटलं तर आले नाहीत. वहाणेनं मातीत रेघ ओढत म्हणाले, "मास्तर, तुमाला जाड आवडतो ते ठाव हाय मला. पयल्यापासून ठाव हाय. येक तुमचा जाड सांगू. पर चला. येकट्याला आख्खा सरत न्हाई, राव."

बायकोला दारातूनच ओरडून सांगितलं, रात्री जेवायला नाही, आणि त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसलो.